रेव्हरंड नारायण शेषाद्री व बेथेलची मंडळी

वाचकहो, आपल्या खेडोपाडीच्या मंडळ्यांत एक गोष्ट आम्ही वारंवार पाहतो. देवळाची भिंत कोणी बांधली, घंटा कोठून आली, हे वृद्ध मंडळींस सांगता येते. परंतु ज्याने प्रथम त्या वस्तीत पाऊल टाकून सुवार्ता सांगितली, त्याचे नाव विचारले असता पुष्कळांस उत्तर सुचत नाही. मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या बाजूस, पोटापाण्यासाठी मराठवाड्यातून येऊन राहिलेली जी ख्रिस्ती कुटुंबे आहेत, त्यांच्या मुलांची स्थिती तर याहूनही अशीच आहे. आजा जालन्याकडचा, इतकेच त्यांना ठाऊक असते. म्हणून या अंकी आम्ही जालन्याजवळच्या बेथेल नामक लहानशा ख्रिस्ती गावाची व ते वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांची हकीकत सांगण्याचे योजिले आहे. हे गृहस्थ ब्राह्मण कुळात जन्मले आणि मांगवाड्यात पाळक झाले. या दोन टोकांच्या मध्ये जे घडले, त्यात आपल्या प्रत्येक मंडळीस विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

नारायणरावांची गोष्ट जालन्यात सुरू होत नाही, मुंबईत होते. स्कॉटलंड देशाच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे मिशनरी प्रथम कोकणात, बाणकोट व हर्णै या बंदरगावी राहून काम करीत. डॉक्टर जॉन विल्सन हे १८२९ साली मुंबईस आले, त्यांनीही मराठीचा पहिला अभ्यास या कोकणपट्टीतच केला. पुढे १८३१ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत प्रेस्बिटेरियन पद्धतीची एतद्देशीय मंडळी स्थापिली. त्या वेळी तिचे सभासद अवघे आठ होते. दुसऱ्याच वर्षी, १८३२ साली, त्यांनी जी शाळा काढली तीच वाढत वाढत आजचे विल्सन कॉलेज झाली. विल्सन साहेबांबरोबर रॉबर्ट नेस्बिट व मागाहून मरे मिचेल हे अध्यापनाचे काम पाहत. नेस्बिट साहेबांच्या मराठीची त्या काळी फार ख्याती होती.

या शाळेत इंग्रजी विद्या शिकावयास ब्राह्मण, परभू, सोनार, पारशी अशा सर्व जातींची मुले येत. आईबापांची अपेक्षा अशी की, मुलाने विद्या घ्यावी, सरकारी चाकरी मिळवावी आणि धर्म मात्र घरचाच ठेवावा. बहुतेक मुलांनी तसेच केले. परंतु काहींच्या मनात शिकलेल्या गोष्टींनी ठाव घेतला. १८३९ च्या मे महिन्यात धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मुंबई शहरात मोठी खळबळ उडाली. धनजीभाईंचे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. ते समजूतदार वयाचे आहेत असे पाहून कोर्टाने त्यांना आपला मार्ग निवडण्याची मोकळीक दिली. परिणाम असा झाला की, पारशी मुले शाळेतून एकाएकी काढून घेण्यात आली व वर्ग ओस पडले. हे सारे नारायण शेषाद्री यांच्या विद्यार्थिदशेच्या काळात घडले. बाप्तिस्म्याची किंमत काय असते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१८४३ हे वर्ष दोन रीतींनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षीच्या मे महिन्याच्या १८ तारखेस एडिंबरो येथे स्कॉटलंडच्या मंडळीत मोठी फूट पडली. वादाचे मूळ असे होते की, एखाद्या गावच्या मंडळीला नको असलेला पाळक त्या मुलखाच्या जमीनदाराने तिच्यावर लादावा की नाही. लादू नये, असे ज्यांचे मत होते ते साडेचारशेहून अधिक पाळक आपली देवळे, राहती घरे व पगार सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च म्हणजे स्वतंत्र मंडळी स्थापिली. हिंदुस्थानातील स्कॉटिश मिशनऱ्यांनीही याच पक्षाला आपली संमती दिली. त्यामुळे मुंबईत शाळेसाठी उभी राहत असलेली नवी इमारत त्यांना सोडावी लागली व भाड्याच्या जागेत पुन्हा आरंभ करावा लागला. ज्यांच्या हाती इमारत नाही, पैसा नाही, ज्यांचे वडीलधारे विल्सन साहेबही त्या वेळी विलायतेच्या प्रवासात आहेत, अशा गुरूंच्या हातून त्याच वर्षाच्या सप्टेंबरात नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या घडीला मिशनकडे देण्यासारखे काही नव्हते. म्हणून लोभाने धर्मांतर केले हा आरोप त्यांच्यावर चिकटविणे कठीण होते.

परंतु नारायणरावांच्या मागे त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती होता. त्याचे वय सुमारे १२ वर्षांचे. तोही त्याच शाळेत शिकत होता. थोरल्या भावामागे तोही नेस्बिट साहेबांच्या घरी येऊन राहिला, तेथे जेवला आणि आपणही ख्रिस्ती होणार असे म्हणू लागला. बापाने सुप्रीम कोर्टात अर्ज केला. मुलाला हजर करण्याचा हुकूम नेस्बिट साहेबांवर सुटला. खटला सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे चालला. या वेळी निकाल १८३९ च्या उलट लागला. इतक्या लहान मुलाला आपल्या धर्माची निवड करण्याची समज आली असे कायदा मानू शकत नाही, त्याचा ताबा बापाकडेच असला पाहिजे, असे ठरून श्रीपतीला बापाच्या स्वाधीन करण्यात आले. मुलगा रडत होता, तरी हुकूम हुकूमच राहिला.

ही गोष्ट आपल्या लोकांत सांगताना पुष्कळदा केवळ छळाची म्हणून सांगतात. आम्हांला ती तशी एका बाजूने सांगणे बरे वाटत नाही. एक मुलगा हातचा गेला, दुसरा जाऊ पाहतो, अशा वेळी बापाच्या जिवाची काय अवस्था झाली असेल याचा विचार आपण केला पाहिजे. १२ वर्षांच्या लेकराला बापाच्या घरातून दूर ठेवावे की नाही, हा प्रश्न आज कोणी आपल्यापुढे आणला, तर आपल्यापैकी किती जण ठेवावे म्हणून सांगतील? न्यायाधीशाने जो नियम लावला तोच आपल्या लेकरांचेही रक्षण करतो. नेस्बिट साहेबांचा हेतू निर्मळ होता, मुलाची ओढ खरी होती, आणि बापाचा हक्कही खरा होता. तिघांचेही खरे असून त्यातून दुःखच निपजले.

पुढे काय झाले, हे महाराष्ट्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. घरी आलेल्या श्रीपतीने मिशनऱ्याच्या घरचे अन्न खाल्ले होते. म्हणून त्याला जातीत घ्यावे की नाही यावर मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले. दर्पण पत्राचे संपादक व एल्फिन्स्टन विद्यालयातील विद्वान अध्यापक बाळशास्त्री जांभेकर यांनी, प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावे, अशी बाजू उचलली. ते स्वतः ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराचे विरोधक होते. तथापि अज्ञान मुलाच्या हातून घडलेल्या गोष्टीबद्दल त्याला जन्माचा बाहेर ठेवू नये, असे त्यांचे मत होते. कर्मठ पक्षाने ते मानले नाही. जे त्याला घेतील त्यांच्यावरच बहिष्कार घालू, येथवर मजल गेली. बाळशास्त्री १८४६ साली वारले. श्रीपतीचे नाव या वादामुळेच मागे राहिले. कोर्टाने मुलगा घरी पाठविला, पण घराच्या लोकांनी त्याच्यासाठी दार पुरते उघडले नाही. दोन भावांपैकी एकाने जात आपण होऊन सोडली आणि दुसऱ्याला जातीनेच उंबऱ्यावर अडविले. नारायणरावांनी पुढील आयुष्यात ज्या लोकांत काम केले, ते जन्मतःच उंबऱ्याबाहेर होते. भावाचे हे दुःख त्यांनी मनात वागविले असेल असे आम्हांला वाटते.

बाप्तिस्म्यानंतर लगेच त्यांना पाळक करण्यात आले नाही, हे आमच्या तरुण प्रचारकांनी ध्यानात घ्यावे. प्रेस्बिटेरियन पद्धतीत पाळकाची नेमणूक कोणा एका बिशपाच्या किंवा धनिकाच्या हाती नसते. मंडळी आपल्यातून वडील निवडते; वडील व पाळक मिळून मंडळीचा कारभार पाहतात; आणि त्या टापूतील पाळक व वडील यांची जी सभा, तिला प्रेस्बिटरी म्हणतात. ही सभा उमेदवाराची शास्त्रज्ञानात परीक्षा घेते, त्याची वागणूक तपासते, प्रथम उपदेश करण्याची परवानगी देते, आणि पारख झाल्यावर मस्तकावर हात ठेवून दीक्षा देते. नारायणरावांना ही दीक्षा १८५४ साली, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर ११ वर्षांनी मिळाली. या ११ वर्षांत ते शिकले व शिकविले. दीक्षा मिळाल्यावर ते स्कॉटिश पाळकांच्या शेजारी सभेत बरोबरीने बसू व मत देऊ लागले. त्या काळी सरकारी कचेरीत गोऱ्या साहेबासमोर एतद्देशीय माणसाला खुर्ची मिळणे कठीण होते, हे आठवले म्हणजे या गोष्टीचे महत्त्व कळेल. त्याच १८५४ साली बाबा पदमनजी यांनी बेळगावात बाप्तिस्मा घेतला. तेही काही काळ मुंबईच्या याच संस्थेत शिकले होते.

याच सुमारास कायद्यातही एक बदल झाला होता. १८५० सालच्या २१ व्या कायद्याने असे ठरले की, धर्म बदलल्यामुळे किंवा जातीबाहेर घातल्यामुळे कोणाचाही वारसाहक्क बुडू नये. पूर्वी बाप्तिस्मा घेणारा मनुष्य वडिलोपार्जित घर व शेत यांस मुकत असे. कायद्याने निदान कागदोपत्री तरी ती भीती घालविली. परंतु गावातील विहीर, वाट, मजुरी व सोयरीक या गोष्टी कायद्याच्या कागदावर चालत नाहीत, हे आपणांपैकी ज्यांनी भोगले आहे त्यांना सांगावयास नको.

१८५५ साली नेस्बिट साहेब पटकीच्या आजाराने मुंबईत वारले. ज्यांच्या घरी राहून नारायणरावांनी आपला निर्णय केला, ते गुरू गेले. शहरात शिकलेल्या पाळकाला शहरात राहणे सोपे होते. तेथे विद्वानांशी वाद घालावा, तरुणांना इंग्रजीत व्याख्याने द्यावी, वर्तमानपत्रांत लिहावे, अशी कामे पुष्कळ होती. पण १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते निजामाच्या राज्यातील जालना गावी गेले व तेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले.

जालना हे कुंडलिका नदीच्या काठचे व्यापारी गाव. इंग्रजांच्या दोस्तीतल्या निजामाच्या फौजेसाठी तेथे १८२७ साली छावणी बांधण्यात आली होती. छावणीत इंग्रज अंमलदार होते, शिपाई होते, त्यांच्या मागे येणारे मोतद्दार, खानसामे व बाजारकरी होते. आगगाडी जालन्यास यावयास १९०० साल उजाडले. तोवर माळावरून बैलगाडीनेच जावे लागे. मुलूख निजामाचा असल्यामुळे मुंबई इलाख्याचे कायदे तेथे चालत नसत, कचेरीची भाषा फारशी, रयतेची भाषा मराठी. नारायणरावांसारख्या ब्राह्मण कुळातल्या व इंग्रजी शिकलेल्या माणसाला तेथे मुनशी, वकील किंवा कारकून होऊन सुखाने राहता आले असते. त्यांनी जी वाट धरली ती गावाबाहेरच्या वस्तीकडे जात होती.

मातंग लोकांना त्या काळी मांग म्हणत. दोर वळणे, वाजंत्री वाजविणे व गावकीची हलकी मानलेली कामे करणे, हा त्यांचा वारसा. बलुत्यात त्यांचा वाटा शेवटचा. आणि गावात चोरी झाली की संशय मात्र पहिला त्यांच्यावर. त्यांच्या सावलीचाही विटाळ मानीत. शास्त्र ऐकण्याचा अधिकार त्यांना नव्हता. अशा लोकांच्या अंगणात एक ब्राह्मण येऊन बसतो, त्यांच्या लेकरांना अक्षरे शिकवितो, त्यांच्या आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो व त्यांच्याबरोबर एका पंक्तीस प्रभुभोजन घेतो, ही गोष्ट त्या मुलखात नवी होती. विद्वानांच्या वादात जे शब्द महिनेच्या महिने सांगून उमजत नसत, ते या एका वागण्याने वस्तीतल्या म्हातारीलाही उमजले असतील. एकेक कुटुंब, मग सोयरे, मग शेजारच्या गावची वस्ती, अशा रीतीने लोक मंडळीत येऊ लागले.

आता अडचण पुढे आली. ज्या मांगाने बाप्तिस्मा घेतला, त्याला देवीपुढे वाजविण्याचे काम करता येईना. आणि ते न केल्यास गावकीचा वाटा बंद. ज्याला मजुरी नाही, जमीन नाही, पाणी दुसऱ्याच्या विहिरीचे, त्याने किती दिवस टिकाव धरावा? नुसता उपदेश करून पाळकाने निघून जावे, हे नारायणरावांना पटले नाही. त्या वेळी हैदराबाद संस्थानचे दिवाण सर सालारजंग हे होते. १८५३ ते १८८३ अशी ३० वर्षे त्यांनी दिवाणगिरी केली आणि मक्त्याने सारा वसूल करण्याची जुनी घातक रीत मोडून जिल्हे व तालुके बांधले. धर्माने ते शिया मुसलमान. त्यांच्याकडे नारायणरावांनी ख्रिस्ती रयतेसाठी जमीन मागितली. सालारजंगांनी जालन्याजवळची जमीन दिली व आरंभीच्या काही वर्षांचा सारा माफ केला. ओसाड जमीन लागवडीस आणणारास अशी सूट देणे ही तत्कालीन राज्यकारभारातली ओळखीची रीत होती. पण ती गावाबाहेरच्या लोकांच्या पदरी पडली, यात नवल होते. ब्राह्मण कुळातला ख्रिस्ती पाळक, मुसलमान दिवाण आणि मांग शेतकरी, या तिघांच्या मेळाने १८७० च्या सुमारास ते गाव वसले.

गावाला बेथेल हे नाव दिले. उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोबाची गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. घरातून निघालेला, भावापासून तुटलेला तो तरुण रात्री माळावर धोंडा उशाशी घेऊन निजला, आणि सकाळी उठून त्या जागेला त्याने देवाचे घर असे नाव दिले. भावापासून तुटलेल्या नारायणरावांनी माळावरच्या वस्तीसाठी हेच नाव पसंत करावे, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. गावात देऊळ, शाळा, विहीर व कुटुंबांची घरे झाली. जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर उभी राहत, ती आपल्या बांधावर उभी राहिली. ज्यांना विहिरीवर चढू देत नसत, ती आपल्या विहिरीत आपली घागर बुडवू लागली.

बेथेलसाठी साहाय्य मिळवावे म्हणून नारायणराव परदेशी गेले. १८७३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील न्यू यॉर्क शहरी इव्हँजेलिकल अलायन्स या संस्थेची मोठी परिषद भरली होती. निरनिराळ्या देशांचे नामांकित धर्मपंडित तेथे जमले होते. त्या सभेत हे मराठी पाळक आपला देशी पोशाख व शिरी पांढरे पागोटे अशा वेषात बोलावयास उभे राहिले. त्यांची इंग्रजी ऐकून व वेष पाहून लोकांस कौतुक वाटले. आम्हांला त्यात अधिक महत्त्वाचे हे वाटते की, ज्या काळी ख्रिस्ती होणे म्हणजे टोपी व पाटलोण चढविणे असा समज पसरला होता, त्या काळी त्यांनी प्रभूसाठी जात टाकली, पण देश टाकला नाही. आणि त्या मोठ्या सभेत ते मुंबईच्या विद्वानांचे नव्हे, तर जालन्याकडच्या वस्तीतल्या लोकांचे प्रतिनिधी होते.

नारायणरावांच्या कामावर त्या काळी व पुढेही आक्षेप घेण्यात आले, तेही येथे सांगितले पाहिजेत. पहिला आक्षेप असा की, जमीन मिळते म्हणून लोक ख्रिस्ती होतात. १८७६ ते १८७८ या सालांत दख्खनात जो भयंकर दुष्काळ पडला, त्यानंतर तर हा आक्षेप सर्वच मिशनांवर आला. यास आमचे उत्तर असे की, भुकेल्याच्या मनातले हेतू वेगवेगळे करून तोलता येत नाहीत. प्रभूमागे जे लोक तळ्याच्या काठी गेले, त्यांतही भाकरीसाठी आलेले होतेच. पाहावयाचे हे की, सूट संपल्यावर, सारा भरावा लागल्यावर, पाऊस चुकल्यावर ती माणसे मंडळीत राहिली की नाही, आणि त्यांनी आपल्या मुलांना काय शिकविले. ज्या घरी बापाला अक्षर येत नव्हते त्या घरी मुलगी बायबल वाचू लागली, तर हेतूचा हिशेब देवावर सोपवावा.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे व त्याचे उत्तर देणे सोपे नाही. ख्रिस्ती लोकांचे निराळे गाव वसविले, तर मूळ गावातून ते तुटतात. गावकरी म्हणतात, हे आता आमचे नव्हेत, मिशनचे झाले. शिवाय जमीन मिशनच्या नावे, देऊळ मिशनचे, पाळकाचा पगार मिशनचा, मग मंडळी स्वतःच्या पायावर कधी उभी राहणार? एडिंबरोस १८४३ साली जो वाद झाला, तो जमीनदाराने मंडळीवर पाळक लादू नये यासाठी झाला होता. पण ज्या गावात जमीन देणारा व पाळक नेमणारा एकच असतो, तेथे निवड करण्याची मोकळीक नावालाच उरण्याचे भय असते. नारायणराव आपल्याच लोकांतले व प्रेमळ होते, म्हणून त्यांच्या हयातीत हे भय पुढे आले नसेल. तथापि एका थोर माणसाच्या सावलीत वाढलेल्या मंडळीला तो माणूस गेल्यावर ऊन फार लागते, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

दोन्ही बाजू पाहून आमचे मत असे बनले आहे की, त्या दिवसांत बेथेल वसविल्यावाचून गत्यंतर नव्हते. ज्याला गावात पाणी नाही, त्याला गावात राहून साक्ष दे असे सांगणे ही निर्दयता झाली असती. परंतु आज जेथे आपल्या लोकांना आपल्याच गावात राहता येते, तेथे त्यांनी गाव सोडू नये, आणि मंडळीचा खर्च थोडाथोडा करून आपल्या अंगावर घ्यावा. सुगीत पायलीभर ज्वारी देणारी मंडळी, बाहेरून मोठी देणगी घेणाऱ्या मंडळीपेक्षा आपल्या वडिलांची निवड अधिक मोकळेपणाने करू शकते.

आणखी एक गोष्ट सांगताना आम्हांला संकोच वाटतो, पण सांगितली पाहिजे. जो मनुष्य ब्राह्मण असून मांगांच्या पंक्तीस बसला, त्याचे नाव घेणाऱ्या आपल्या मंडळ्यांत आजही सोयरीक जुळविताना, हा पूर्वी महार की मांग, असे हळूच विचारले जाते. काही ठिकाणी देवळात बसण्याच्या जागाही त्याच हिशेबाने पडलेल्या दिसतात. श्रीपतीला ज्यांनी उंबऱ्यावर अडविले त्यांना आपण नावे ठेवतो. मग आपला उंबराही एकदा पाहावा. नारायणरावांची पुण्यतिथी साजरी करण्याहून हे पाहणे त्यांना अधिक आवडले असते असे आम्हांला वाटते.

१८९१ साली नारायण शेषाद्री यांचे देहावसान झाले. त्यांचे गुरू विल्सन साहेब त्यांच्या आधी, १८७५ साली, मुंबईत प्रभूकडे गेले होते. त्यांच्या मागे जालन्याची मंडळी अनेक स्थित्यंतरांतून गेली. १९०० साली फ्री चर्चचे स्कॉटलंडातील दुसऱ्या एका प्रेस्बिटेरियन मंडळीशी ऐक्य होऊन युनायटेड फ्री चर्च झाले. १९२९ साली ती मंडळी, १८४३ ची फूट मिटवून, बहुतांशी पुन्हा चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये मिळाली. इकडे हिंदुस्थानात १९२४ साली प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी बनली. आणि १९७० च्या नोव्हेंबरात नागपूर येथे त्यांतून व इतर मंडळ्यांतून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उदयास आली. राज्यही बदलले. १९४८ साली निजामाची सत्ता संपली, १९६० साली जालना महाराष्ट्र राज्यात आले, आणि १९८१ साली तो स्वतंत्र जिल्हा झाला. ज्या स्कॉटिश मंडळीने नारायणरावांना दीक्षा दिली, तिचे नाव आता त्या भागातील पाट्यांवरून गेले. छावणी गेली, निजाम गेला. परंतु वडिलांची निवड करणे, सभेत बसून निर्णय घेणे, पाळकाची पारख करून मगच त्याच्यावर हात ठेवणे, ही जी रीत त्यांनी तेथे लावली, ती आपल्या पुष्कळ मंडळ्यांत अद्याप चालू आहे.

प्रचारक बंधूंनो, तुमच्यापैकी कित्येकांना वाटत असेल की, आपण एका कोपऱ्यातल्या वस्तीत दहाबारा घरे सांभाळून आहोत, याचा इतिहास कोण लिहिणार? मुंबईची पहिली प्रेस्बिटेरियन मंडळी आठ माणसांची होती, हे आम्ही वर सांगितलेच आहे. तुमच्या मंडळीत जे वृद्ध अजून हयात आहेत, त्यांच्याजवळ बसा. प्रथम कोण आले, कोणाच्या ओसरीवर पहिली प्रार्थना झाली, विहीर कोणी खणली, पहिली कोणती मुलगी शाळेत गेली, हे विचारून एका वहीत उतरून ठेवा, आणि ती वही देवळाच्या पेटीत बाप्तिस्म्याच्या नोंदींशेजारी ठेवा. उपनगरात गेलेली तुमची मुले एखाद्या दिवशी गावी येऊन आपला आजा कोण होता असे विचारतील, तेव्हा त्यांच्या हाती द्यावयास ती वही तुमच्यापाशी असावी.